हौसिंग बोलून राहिलं

मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला की आमच्याकडे आधी टायरवर संशय घेतात, मग चाकाच्या बेरिंगवर. डिफ्रन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गियरांच्या गोळ्यापर्यंत, विचार पोचेस्तोवर आतल्या क्राउनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे, दात खाल्लेले असतात. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री निघाली की पिकअपला उसंत नसते, आणि हंगाम सरला की मेकॅनिकच्या दारात मागची हौसिंगं, म्हणजे या गियरांचे लोखंडी डबे, उघडी पडलेली दिसतात. माझ्या पिकअपचं हौसिंग यंदा मिस्त्री काकांसोबत बसून खोललं, क्राउन-पिनियनचा सेट (पिनियन म्हणजे क्राउनला फिरवणारं छोटं गियर) आणि सगळी बेरिंगं बदलली, पुन्हा बसवलं. गाडी जुनी घेतलेली, लाखाच्या वर चाललेली, तेव्हा हे काम कधी ना कधी निघणारच होतं. त्यातून मला ठामपणे वाटू लागलेल्या काही गोष्टी इथं लिहून ठेवतो. गाडी हेच ज्यांचं पोट आहे त्यांनी या कामाच्या वेळी गॅरेजात उभं राहावं आणि काय चाललंय ते समजून घ्यावं, एवढीच इच्छा आहे.

आवाज कधी येतो हे नीट ऐकलं तर अर्धं निदान गाडी न खोलता होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो आणि पाय काढला की उतरतो किंवा त्याचा सूर बदलतो, तर गडबड क्राउन-पिनियनमध्ये किंवा पिनियनच्या बेरिंगात आहे. पाय दाबा नाहीतर सोडा, आवाज तसाच राहतो आणि फक्त वेगाबरोबर वाढतो, तर आधी टायर आणि चाकाचं बेरिंग पाहा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरीवरून सिमेंट रोडवर गाडी चढली की लगेच कळतं. नुसत्या वळणावर खरखर येत असेल तर आतले छोटे गियर, ज्यांना मिस्त्री लोक स्पायडर म्हणतात, ते किंवा चाकाचं बेरिंग. आणि रिव्हर्स टाकताना ‘खट्’ असा धक्का बसत असेल तर हौसिंग खोलायच्या आधी गियरबॉक्सकडून मागं येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हलवून बघा. क्रॉसच्या पैशात सुटणाऱ्या कामासाठी अख्खं हौसिंग खाली उतरवलेलं मी पाहिलं आहे.

माझ्या गाडीचा आवाज लोड घेतल्यावर चाळीस ते पन्नासच्या मध्ये यायचा. मिस्त्री काका माझ्या बाजूला बसले, काटोल रोडवर थोडं पुढं जाऊन परत फिरलो. त्यांनी एकच वाक्य काढलं, “हौसिंग बोलून राहिलं बावा. आता याले खोलाच लागते.”

डिफ्रन्शियल लागतो कशाला, हे आमच्या घरच्या बंडीकडे पाहून चांगलं समजतं. बंडीची दोन्ही चाकं आखावर आपापली मोकळी फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते जास्त फिरतं, आतलं कमी फिरतं, कोणाचं अडत नाही, कारण ओढणारे बैल आहेत, चाकांना कोणी फिरवत नाही. गाडीत मात्र इंजिनला चाकंच फिरवायची असतात. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर वळताना एक चाक घासत जाणार, टायर जाणार, नाहीतर एक्सल तुटणार. म्हणून मधे ही चार छोट्या गियरांची युक्ती बसवली. 1827 साली फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीनं तिचं पेटंट घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, पण आपल्या पिकअपखाली तीच युक्ती फिरते आहे.

या युक्तीचा एक स्वभाव मात्र आपल्या काळ्या मातीशी जमत नाही. साधा डिफ्रन्शियल दोन्ही चाकांना ताकद सारखीच देतो. एक चाक पांदणीतल्या चिखलात फसलं, त्याला पकडच उरली नाही, की ते जेवढी ताकद घेऊ शकतं तेवढीच कोरड्यावरच्या दुसऱ्या चाकालाही मिळते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग चिखलातलं चाक गरगर फिरतं आणि कोरडं चाक जागचं हलत नाही. अशा वेळी स्पीडोमीटर 40 दाखवत असेल तर फसलेलं चाक प्रत्यक्षात 80 च्या वेगानं फिरत असतं, कारण दोन चाकांची सरासरी म्हणजे क्राउनचा वेग. एक शून्यावर असेल तर दुसऱ्याला दुप्पट फिरावंच लागतं. सरळ रस्त्यावर स्पायडर गियर आपल्या पिनवर फिरतही नाहीत, वळणावर हळूहळू सरकतात. चिखलात मात्र ते त्या पिनवर वेड्यासारखे फिरतात, तिथं तेल बेताचंच पोचतं, पिन तापते, तिच्यावर ओरखडे उठतात, मागचे वॉशर झिजून कागद होतात. त्यातून निघालेला लोखंडाचा चुरा त्याच तेलात मिसळतो आणि बेरिंगं खात सुटतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या भागात हौसिंग लोडानं जातं त्याहून जास्त चिखलानं जातं. दीड टनाच्या गाडीत दोन-अडीच टन कॅरेट भरणं वाईटच आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेला आहे, बगिच्यातून भरलेली गाडी काढायची आहे, मागचं डावं चाक बुडालं आहे आणि ड्रायव्हर पाय पूर्ण दाबून धरतो आहे, ती पाच-दहा मिनिटं महिनाभराच्या लोडापेक्षा महाग पडतात. गाडी फसली की पाय काढा. चाकाखालची माती उकरा, पऱ्हाट्या, तुराट्या, गोटे, जे हाताशी असेल ते घाला. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल तर तो थोडा ओढून अगदी हळू क्लच सोडा. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा अडसर मिळाला की तेवढी ताकद दुसऱ्या चाकाला मिळते आणि बरेचदा गाडी निघते. नाहीच निघाली तर कॅरेट उतरवा. मजुरांचा अर्धा तास जाईल, पण गाडी राहील.

दुसरा शत्रू रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. भरलेली गाडी दूरून येते, हौसिंग हात लावू देत नाही इतकं तापलेलं असतं, आणि तशीच ती नाल्याच्या पाण्यात उतरते. आतली गरम हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरून ओढ घेते. ब्रीदर, म्हणजे हौसिंगच्या वरचं ते बोटभर टोपण, चिखलानं बुजलेलं असेल तर ही ओढ एक्सलच्या सीलवर येते, मोकळं पण पाण्याखाली असेल तर ब्रीदरमधूनच पाणी आत जातं. उलट बुजलेला ब्रीदर असताना गाडी तापली की आतला दाब सील फोडून तेल ब्रेकच्या लायनरवर आणून टाकतो. लोक सील बदलत राहतात आणि वरच्या टोपणाकडे पाहतही नाहीत.

आमच्या गाडीचं तेल काढलं तेव्हा ते काळपट दुधी निघालं. दुधी म्हणजे पाणी. तेल काढायच्या मॅग्नेटवाल्या बोल्टावर काळी मलईसारखी पेस्ट असते, तिची भीती नको, तेवढी झीज चालायचीच. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असले की समजायचं, आत दात किंवा बेरिंग फुटायला लागलं आहे. आमच्या बोल्टावर टोचणारे होते.

खोलण्याच्या कामाबद्दल थोडक्यात. गाडी पक्क्या जागेवर, चासीखाली घोडे (लोखंडी स्टँड), आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून गोटे. मागची चाकं उचलली की त्यांच्यावरचा हँडब्रेक काही कामाचा राहत नाही, हे विसरून माणसं गाडीखाली गेलेली आहेत. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर आणि पिनियनच्या फ्लँजवर एका रेषेत खूण करून घ्यायची. एक्सल बाहेर ओढले की आमच्या गाडीत क्राउन-पिनियनसकट अख्खा गोळा समोरून निघतो, तो दोघांनी धरूनच खाली घ्यायचा. बेरिंगच्या टोप्या काढायच्या आधी काकांनी पंच घेऊन डावीकडच्या टोपीवर आणि तिच्या जागेवर एक-एक ठिपका मारला, उजवीकडे दोन-दोन. त्या टोप्या हौसिंगसोबतच कातलेल्या असतात, इकडची तिकडे बसत नाही, आणि बसवली तर बेरिंग फार दिवस टिकत नाही.

सेट नागपूरहून आणला. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचे दात चांगले आहेत म्हणून दुसरंच तेवढं बदलायचं, असं इथं चालत नाही. दुकानात डबा उघडून दोन्ही नंबर जुळतात का ते पाहिलं. बेरिंग घेतानाही डब्यावरचं नाव वाचून थांबू नका, बेरिंगच्या रिंगवर कोरलेला नंबर जुन्याशी ताडून पाहा आणि कप-कोन, म्हणजे बाहेरची रिंग आणि आतला रोलरवाला भाग, दोन्ही बदला. जुन्या कपात नवा कोन बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. या सगळ्याला नागपूरच्या कळमना मार्केटच्या दोन-तीन फेऱ्यांचं भाडं गेलं. पिनियनच्या दोन बेरिंगांमध्ये बसणारी, नट आवळताना चेपणारी स्लीव्ह मात्र स्वस्त असते आणि दर वेळी नवीच लागते. ती एकदाच चेपायची असते. जुनी परत घातली तर नट आवळल्यावर बेरिंगवरचा ताण आपल्या हातात राहत नाही.

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

बेरिंग पिनियनवर हातोड्यानं ठोकून चढवायचं नाही. काकांनी तेलाच्या जुन्या डब्यात बेरिंग टाकून ते तेल स्टोव्हवर तापवलं, धूर निघण्याच्या बरंच आधी उतरवलं, चिमट्यानं बेरिंग उचललं आणि ते पिनियनवर आपल्याच वजनानं घसरून बसलं. त्या बेरिंगखाली पातळ पट्ट्या असतात, शिम. पिनियन क्राउनमध्ये किती खोल बसणार हे त्या पट्ट्या ठरवतात, आणि हा खेळ केसाएवढ्या जाडीचा आहे. जुनी शिम काकांनी मायक्रोमीटरनं मोजून पाटीवर खडूनं लिहिली, नव्यात तेवढ्याच जाडीची घातली. ही फक्त सुरुवात.

मग चाल. क्राउन हातानं धरून मागंपुढं हलवली की जी किंचित टकटक लागते ती. पुष्कळ ठिकाणी ती हाताच्या अंदाजानं ठेवतात, आणि माझा याला स्पष्ट विरोध आहे. बऱ्याच पिकअपमध्ये ही चाल 0.13 ते 0.20 मिलिमीटरच्या दरम्यान लागते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात असतो. 0.15 आणि 0.30 मधला फरक कोणाच्याही बोटाला कळत नाही, पण क्राउनला कळतो. कमी पडली तर दात तापून चिकटतात, जास्त झाली तर आदळतात. काका पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला डायल गेज काढतात, त्याचं मॅग्नेट हौसिंगला चिकटवतात, सुई क्राउनच्या दाताला टेकवतात आणि क्राउन चार जागी फिरवून चार वेळा वाचतात. चारही वाचनं जवळजवळ सारखी आली पाहिजेत. नाही आली तर क्राउन वाकडी आहे किंवा तिच्याखाली कचरा अडकला आहे.

आणि शेवटी शेंदूर. हनुमानाच्या देवळात लावतात तोच, तेलात कालवून जुन्या टूथब्रशनं क्राउनच्या चार-पाच दातांवर पातळ थर द्यायचा. (शेंदूर म्हणजे शिसं, नंतर हात साबणानं धुवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका.) क्राउनला लाकडाच्या तुकड्यानं थोडा अडसर देऊन पिनियन हातानं फिरवायचं, पुढंही आणि उलटंही. पिनियनचा दात जिथं टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि खालचं लोखंड चकाकतं. तो डाग दाताच्या मधोमध, वरच्या धारेपासून आणि बुडापासून सारखा दूर हवा. आमचा पहिला डाग धारेला लागून, लांबट पट्ट्यासारखा आला. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“वरून वरून चाटून राहिलं हे. पिनियन अजून आत पाह्यजे. काढा लागते.”

“काका, थोडासाच तर फरक आहे.”

“थोळासाच हाय म्हणून तं काढाचं. जास्त असता तं तुले बी दिसला असता.”

मग सगळं पुन्हा बाहेर. डाग धारेकडे असेल तर शिम जाड घालून पिनियन आत सरकवायचं, बुडाकडे असेल तर पातळ घालून बाहेर घ्यायचं. डाग दाताच्या बाहेरच्या टोकाकडे असेल तर क्राउन पिनियनकडे सरकवायची, आतल्या टोकाकडे असेल तर लांब न्यायची, आणि प्रत्येक वेळी चाल नव्यानं मोजायची. संध्याकाळ झाली होती, मुलगा टॉर्च धरून बसला होता, आणि शेवटी डाग मधोमध उमटला, चिंचोक्याएवढा, कडा पुसट. काकांनी बोटानं दाखवला आणि काही न बोलता चहा सांगितला. हे तीन-चार तासांचं काम वाचवणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक घाई करतं म्हणून वाचवतात, हेही खरं. आपण घाई केली नाही तर चांगला मिस्त्री हे काम टाळत नाही.

सेट बदलतोच आहोत तर गाडीला जास्त ताकद देता येईल का, हा प्रश्न गॅरेजात बसलेल्या प्रत्येकानं विचारला. आमच्या जुन्या क्राउनला 41 दात, पिनियनला 10, म्हणजे 4.1 चा रेशो. त्याच हौसिंगात बसणारा 41 ला 9 चा सेट मिळाला तर रेशो 4.56 होतो, चाकावरची ओढ साधारण 11 टक्क्यांनी वाढते. पण त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं, डिझेल पितं, आणि गियरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 54 वर असते. चिखलदऱ्याच्या घाटात किंवा सातपुड्याच्या चढावर रोज माल नेणाऱ्याला हा सौदा परवडेल. माझा बहुतेक रस्ता कळमन्यापर्यंतचा सपाट आहे, म्हणून मी आहे तोच रेशो ठेवला. गाडी फोर व्हील असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच लागतो, नुसता मागचा बदलला तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील.

चिखलावरचा खरा उपाय लॉकचा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवायला लावणारा. ट्रॅक्टरवर टाचेखालचं डिफ लॉकचं पेडल आपण सगळे वापरतो, वावरात दाबायचं, वळताना सोडायचं. थारच्या काही मॉडेलमध्ये ईटन कंपनीचं आपोआप लागणारं लॉक येतं, दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की ते लागतं. माझ्या हौसिंगात बसेल असं काही मिळालं नाही. एकानं स्पायडर वेल्डिंग करून टाकायचा सल्ला दिला. तो कृपा करून कोणी ऐकू नये. चिखलात मजा वाटेल, पण डांबरीवर प्रत्येक वळणाला टायर घासणार, एक्सल पिळणार, आणि पावसात भरलेली गाडी वळणावर सरळ निघून जाईल. त्या गाडीत फक्त संत्री नसतात, मागं कॅरेटवर मजूरही बसलेले असतात.

तेलाबद्दल आग्रहानं सांगतो. या हौसिंगात पिनियन क्राउनच्या मध्यावर नसतं, जरा खाली बसवलेलं असतं. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. तिथं साधं तेल दाबाखाली फाटतं, म्हणून जीएल-5 दर्जाचंच गियर ऑइल लागतं. उघडल्यावर त्याला गंधकाचा उग्र वास येतो, तो तसाच असतो, तेल खराब नाही. आमच्या पुस्तकात तेलाच्या घट्टपणाचा आकडा 80 डब्ल्यू 90 आहे. मे महिन्यात 45 अंशात पूर्ण लोड असेल आणि पुस्तक परवानगी देत असेल तर 85 डब्ल्यू 140 घाला. उरलेलं जीएल-5 गियरबॉक्समध्ये ओतू नका, बऱ्याच गियरबॉक्सना जीएल-4 सांगितलेलं असतं, त्यांच्या पितळी रिंगांना जीएल-5 मधली द्रव्यं मानवत नाहीत. ट्रॅक्टरच्या ड्रममधलं खुलं तेल तर हौसिंगाला दाखवूही नका.

गाडी जोडल्यावर पहिल्यांदा रिकामीच वीसेक किलोमीटर चालवून हौसिंग पूर्ण थंड होऊ दिलं. नव्या दातांना पहिल्या काही फेऱ्यांत एकमेकांत बसायला वेळ लागतो, त्यात ते खूप तापतात. पहिले 800 किलोमीटर अर्धाच लोड ठेवला, कळमन्याचं भाडं भावाच्या गाडीला दिलं. 800 झाल्यावर तेल बदललं. बोल्टावर फक्त मऊ काळी पेस्ट होती, टोचणारं काही नव्हतं, आणि तेलात दुधाचा मागमूस नव्हता.

आता ब्रीदरच्या जागी रबरी नळी लावली आहे. ती चासीला बांधून वर, सीटच्या मागं उंचीवर नेली आहे, तोंड खाली वळवून. रपट्यावर पाणी एक्सलच्या वर चढलं तरी नळीचं तोंड कोरडं राहतं. काही रुपयांची नळी आणि दोन क्लिपा लागतात. मृगाच्या आत ज्याला जमेल त्यानं आपल्या गाडीला लावून घ्यावी, नळी डिझेलची घ्या, पाण्याची उन्हानं तडकते.